आमची आंबील आणि पाचवे शील

पीठ भिजवून ठेवले की आंबते, हे शिकायला बाईला शाळेत जावे लागत नाही. आमच्या आज्यांना शाळेचे दार कुणी उघडले नव्हते; पण कुठल्या पिठाला किती पाणी, कुठल्या महिन्यात किती वेळ आणि मडके घरातल्या कुठल्या कोपऱ्यात, ही विद्या त्यांच्या हातात होती. त्याच विद्येने एका घरात उन्हाळ्याची आंबील होते आणि दुसऱ्या घरात दारूचे पिंप भरते. यंदा आमच्या महिला मंडळात आंबिलीवरून जी चर्चा झाली ती याच गोष्टीवर येऊन थांबली. ती आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंब पानावर मांडावी, असे आम्हा सगळ्या जणींना वाटले.

आम्ही मुंबईत, चेंबूरच्या बाजूला राहतो. आमच्यातल्या कुणी चार घरची धुणीभांडी करतात, कुणी महापालिकेत सफाईच्या कामावर आहेत, कुणी अंगणवाडीत, कुणी घरी बसून शिवण करतात. दर रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही पंधरा-वीस जणी मागच्या ओट्यावर बसतो. सुखदुःखाच्या चार गोष्टी होतात. फेब्रुवारी संपून ऊन तापायला लागले की बोलणे आपोआप आंबिलीवर येते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि पुढे बुद्ध पौर्णिमेला विहारासमोर आमच्या मंडळातर्फे गार आंबील वाटली जाते. उन्हातून चालत आलेल्या लेकरांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना रंगीत सरबतापेक्षा ती बरी, म्हणून हा पायंडा पडला.

मुंबई असल्यामुळे आमच्यात सगळ्या जिल्ह्यांच्या बायका आहेत. त्यामुळे आंबील म्हटली की आधी भांडण ठरलेले. सोलापूरकडच्या आक्का म्हणतात, "जवारीच्या पिठाबिगर आंबील व्हती व्हय?" चिपळूणकडच्या वहिनी म्हणतात, "नाचणीच हवी, ज्वारीने अंगात थंडावा येत नाही." अमरावतीच्या मावशी दोघींनाही हसतात आणि शेवटी लसूण कुणाच्या हातचा जास्त पडतो यावर येतात. पण या भांडणातच आम्ही एकमेकींकडून शिकत आलो. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडले तर गुठळी होत नाही, हे आक्कांनी शिकवले. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवले तर ते कळकते आणि पोटाला बाधते, ॲल्युमिनियमही चांगले नाही, माती किंवा स्टील वापरा, हे मावशींनी. भांडे उन्हात वाळवून घ्यायचे आणि तोंडाला फडके बांधायचे, झाकण घट्ट लावायचे नाही, हे वहिनींनी.

आमच्यातली एक मुलगी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने एका रविवारी या सगळ्यामागचे कारण सांगितले. ओल्या पिठात आणि ताकात दोन प्रकारचे सूक्ष्म जीव कामाला लागतात. एक दही लावणारे जिवाणू. ते साखरेचे आम्ल करतात. त्याने आंबटपणा येतो आणि नासवणारे बहुतेक जंतू वाढत नाहीत. दुसरे यीस्ट. ते साखरेचे मद्यार्क आणि वायू करतात. भाकरीच्या पिठात एका रात्रीत पहिल्यांचेच काम जास्त चालते. पण भरपूर गूळ घातला, भांडे बंद केले आणि चार-सहा दिवस हात लावला नाही, तर दुसऱ्यांचे राज्य सुरू होते. म्हणून आंबिलीत गूळ घालायचाच असेल तर शिजवून गार झाल्यावर, प्यायच्या वेळी. आमच्या आज्या म्हणायच्या, "गूळ शेवटी." त्याचे कारण आम्हाला इतक्या वर्षांनी कळले.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ज्वारी आणि नाचणीत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो धान्यातले लोह धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. आंबवल्याने तो कमी होतो. अंगात रक्त कमी म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी दवाखान्यातून लाल गोळ्या आणतात. गोळ्या घ्याव्यातच, पण आजीच्या मडक्यातही काही अर्थ होता, हे ऐकून बरे वाटले.

ही बोलणी चालू असताना वस्तीतला एक कॉलेजात शिकणारा मुलगा येऊन बसला. मुलगा गुणी आहे, विहारात लहान मुलांची अभ्यासिका घेतो. म्हणाला, "काकू, तुम्हाला आंबवण्यातलं सगळं कळतं. मला घरी बियर करायची आहे. जव मिळेल, यीस्ट मिळेल. एवढी उष्णता किती ठेवायची ते समजत नाही."

आम्ही चकित झालो. पण त्याला हाकलून दिले नाही. त्याने मोबाईलवर वाचलेले सगळे सांगितले. परदेशात घरी बियर करणाऱ्यांची मंडळे असतात. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बियरसाठी परवाना काढण्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून लोक घरी उघडपणे बियर करू लागले. लॉस एंजेलिसमध्ये तर त्याच्याही आधी, १९७४ साली, असे मंडळ निघाले होते. सभासद महिन्याला जमतात, एकमेकांची बियर चाखतात, काय चुकले ते सांगतात. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, साधारण ६५ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे मोडातल्या द्रव्याने पिठुळपणाची साखर होते. मग हॉप्स नावाची कडू फुले घालून उकळायचे, गार करायचे, यीस्ट घालून आठवडा-दोन आठवडे ठेवायचे. शंभरात चार-पाच भाग मद्यार्क तयार होतो.

ऐकता ऐकता वहिनी म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं नाचणीचं सत्त्व!" खरेच होते. बाळाला वरचे अन्न सुरू करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवून दळतो. मोड आलेल्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून बाळाच्या पोटात तेवढ्याच वाटीत जास्त पीठ जाते. गुण तोच. त्या लोकांचा सगळ्यात पहिला सल्लाही आमच्यासारखाच: भांडे आधी स्वच्छ करा. मंडळ आमचेही आहे, चाखणे आमच्याकडेही आहे. फरक पुढे सुरू होतो.

आम्ही त्याला विचारले, "कशाला हवी आहे तुला?" तो म्हणाला, "भट्टीची पिऊन माणसं मरतात. घरची शुद्ध असते. युरोपात तर मठातले ख्रिस्ती साधूसुद्धा बियर करतात."

भट्टीचे त्याने आम्हाला सांगायला नको होते. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीला विषारी दारूने माणसे गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. दोन्ही ठिकाणी मरणारे कोण होते? हमाल, बिगारी, रिक्षावाले, दिवसभर राबून संध्याकाळी वीस-तीस रुपयांत अंगदुखी विसरू पाहणारे. त्या दारूत मिथेनॉल होते. ते कारखान्यात वापरायचे रसायन आहे. पोटात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी डोळ्यांची नस जाते, मग जीव. त्या बायका रात्रीत विधवा झाल्या. काळा गूळ, नवसागर आणि पत्र्याचे पिंप आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. नवरा गेला म्हणून पोरांना जगवायला भट्टी लावणाऱ्या बायाही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. काम मिळाले असते तर त्यांनी त्या धुरात डोळे जाळले नसते.

मुलाला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणे हासुद्धा गुन्हा आहे. मोठ्या बंगल्यात कुणी केली तर कदाचित दिसणार नाही. आपल्या वस्तीत पोलीस पहिला दरवाजा आपलाच वाजवतील आणि नोकरीच्या वेळी ती नोंद तुझ्या आडवी येईल. दुसरी, त्या साधूंच्या धर्मात ते वर्ज्य नाही, आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली सतरावी दारू न पिण्याची आहे. भट्टीची नको आणि घरची चालेल, अशी सवलत तीत नाही. तिसरी, १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आपल्या बायकांशी बोलले तेव्हा, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी सांगितले होते. तेव्हा आज आम्ही तुला दारू करायला शिकवावी, हे कसे जमेल?

मुलगा गप्प बसणारा नव्हता. त्याने हंड्याकडे बोट केले. "मग हे काय आहे? हेही आंबलेलंच. वासही तोच. तुमच्या मडक्यात आणि माझ्या मडक्यात फरक काय?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही तो भन्तेजींकडे नेला.

भन्तेजींनी विनयपिटकातली गोष्ट सांगितली. सागत नावाचे एक स्थविर होते. ऋद्धिबळ मोठे. एका भयंकर नागाला त्यांनी जिंकले. कोसंबीच्या उपासकांना इतका आनंद झाला की घरोघरी त्यांनी सागतांसाठी मद्य काढून ठेवले. सागत प्रत्येक घरी प्याले आणि नगराच्या वेशीत पडले. भिक्खूंनी त्यांना उचलून नेले, डोके भगवंतांकडे करून निजवले. ते वळले आणि पाय भगवंतांकडे करून झोपले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी तथागतांशी आदराने वागत नव्हता काय? आणि ज्याने नागाला जिंकले तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी लढू शकेल काय? तेव्हापासून मद्यपानाचा नियम झाला. देणाऱ्यांनी वाईट हेतूने दिले नव्हते, घेणारा लहान माणूस नव्हता, तरी हे घडले. म्हणून ही गोष्ट भन्तेजी मुद्दाम सांगतात.

मग त्यांनी शब्दांचा अर्थ सांगितला. सुरा म्हणजे पिठाची, भाताची, किण्व घालून केलेली. मेरय म्हणजे फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आसव. म्हणजे त्या मुलाची जवाची बियर सुरेत आली आणि गुळाची हातभट्टी मेरयाच्या शेजारी बसली. फुलांचा रस भगवंतांनी भिक्खूंना प्यायला मोकळा ठेवला. वगळला तो फक्त मधुकाच्या, म्हणजे मोहाच्या फुलांचा. अडीच हजार वर्षांपूर्वीही मोहाच्या फुलांचे काय होते हे ठाऊक होते तर!

"आणि आंबील?" आक्कांनी विचारले. भन्तेजी हसले. विनयात लोणसोवीरक नावाच्या पेयाचा उल्लेख आहे. ते खारट-आंबट, आंबवलेले पाणीच. पोटात वात धरलेल्या भिक्खूला त्याने बरे वाटले. तेव्हा आजाऱ्याने ते तसेच घ्यावे आणि निरोग्याने पाणी घालून प्यावे, अशी अनुज्ञा मिळाली. पुढे असेही म्हटले आहे की एखाद्या पेयाला मद्याचा रंग, वास आणि चव असली, पण ते मादक नसले, तर ते पिण्यात आपत्ती नाही. पाहायचे ते वासाकडे नाही, प्रमादाकडे. ज्याने माणसाचे भान जाते ते वर्ज्य.

आमचा जीव भांड्यात पडला. मुलगाही मान हलवून म्हणाला, "हे पटलं." हंडा घासायला कोण येणार ते ठरवून आम्ही उठणार, इतक्यात मागे बसलेली एक बहीण बोलली. तिच्या आणि तिच्या मालकांच्या संमतीने हे लिहीत आहोत.

ती म्हणाली, "भन्तेजींचं खरंच आहे. पण आमच्या मालकांना सोडून सात महिने झाले. घरात पीठ आंबवलं की ते उठून बाहेर जातात. मी विचारलं तर म्हणाले, त्या वासानं जीभ ओली होते. यंदा मिरवणुकीत पाणी वाटायला ते उभे राहणार आहेत. पहिल्यांदाच. शेजारीच आपला हंडा असणार."

कुणी काही बोलले नाही. मग आक्का म्हणाल्या, "एका माणसासाठी शंभर लोकांची आंबील बंद करायची का गं?" त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. पण त्या ओट्यावर बसलेल्यांत दारूने काहीच न नेलेले घर शोधावे लागले असते. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, कुणाचा थोरला. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: हातचा पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज जाते, बुद्धी दुबळी होते. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी हे सहाही घरात पाहिलेले. सोडणारा माणूस किती बारीक दोरीवरून चालतो, हेही आम्हीच पाहिलेले. सोडलेल्याला लोक शाबासकी देतात आणि दुसऱ्या दिवशी हळदीला घेऊन जातात.

बराच वेळ बोलणे झाले. शेवटी ठरले ते असे. आंबील आपली आहे, ती घरोघरी होईल, तिची लाज बाळगायची नाही. पण विहारासमोरच्या हंड्यात मोड आणलेल्या नाचणीची, त्याच पहाटे शिजवलेली आणि ताज्या गोड ताकात पातळ केलेली आंबील असेल. रात्रभर आंबवायची नाही. विनयाप्रमाणे आंबलेलीही चालली असती. पण आपल्या शेजारी उभा असलेला माणूस डगमगू नये, हेही पाचव्या शिलाचेच काम आहे, असे आमच्यातल्या बहुतेकींना वाटले. आक्कांना ते आजही पटलेले नाही. "आंबट न्हाई तर ती आंबील कसली, आजाऱ्याची पेज," असे त्या म्हणतात. तरी १४ एप्रिलला पहाटे चार वाजता हंडा ढवळायला सगळ्यांच्या आधी त्याच आल्या. त्या बहिणीचे मालक रात्री मिरवणूक परत येईपर्यंत पाणी वाटत होते.

आता कृती. भगिनींनी विचारू नये म्हणून दोन्ही देतो.

घरची आंबील: एक वाटी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ दोन वाट्या ताकात कालवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे, फडके बांधावे. मे महिन्यात सात-आठ तास पुरतात, थंडीत बारा-चौदा लागतात. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात ठेचलेला लसूण, जिरे, हिरवी मिरची आणि मीठ घालावे. आंबलेले पीठ सोडत सतत ढवळावे आणि दहा-बारा मिनिटे चांगले शिजू द्यावे. गार झाल्यावर ताक घालून हवी तशी पातळ करावी. वर बुरशी, गुलाबी-काळा डाग किंवा कुजका वास आला तर चव पाहायच्या फंदात न पडता टाकून द्यावे.

हंड्याची आंबील: नाचणी रात्रभर भिजवून, कपड्यात बांधून मोड आणावेत, कडक वाळवून दळावे. एक वाटी पीठ गार पाण्यात कालवून पाच वाट्या उकळत्या पाण्यात शिजवावे. पूर्ण गार झाल्यावर ताजे ताक, जिरेपूड आणि कोथिंबीर घालावी. पाणी टँकरचे असेल तर आधी उकळून गार करून घ्यावे. बाहेरचा बर्फ घालू नये, माठात ठेवावी. रक्तदाबाच्या माणसांसाठी एक कळशी बिनमिठाची वेगळी काढावी. चार-पाच तासांत संपेल एवढीच करावी.

विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात आपल्या विहारांसमोर उन्हाळ्यात काय वाटतात, आणि दारू सोडलेल्या माणसाच्या घरी सणावाराला काय काय सांभाळावे लागते, हे ज्या भगिनींना ठाऊक असेल त्यांनी याच पानासाठी लिहून पाठवावे. लिहिता येत नसेल तर मुलाबाळांकडून लिहून घ्यावे. आम्ही रविवारी ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवू. सर्वांना सप्रेम जयभीम.